राजाची उडी

शिवलिंगप्पा बिराजदारांना मी बुद्धिबळात कधीच हरवू शकलो नाही. यात निम्मा दोष माझ्या डोक्याचा, हे मान्य. उरलेला निम्मा त्यांच्या राजाचा. चांगला कोंडून, सगळ्या वाटा बंद करून शह द्यावा, आपण मिशीला पीळ भरायच्या तयारीत असावं, तर त्यांचा राजा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारून बाहेर पडायचा आणि आप्पा शांतपणे म्हणायचे, "उडी ऱ्हायली हुती न्हवं त्याची."

ही जुनी देशी रीत. अख्ख्या डावात एकदाच, राजाला पहिला शह बसला की तो घोड्याच्या चालीनं निसटू शकतो. तो पहिला शह त्यानं दुसऱ्या मार्गानं चुकवला, म्हणजे साधं एक घर सरकून किंवा शह देणाऱ्यालाच मारून, तर उडी कायमची गेली. गावागणिक या रीतीत थोडाफार फरक असतो म्हणतात, पण आप्पांच्या जळकोटाकडच्या गावात ती अशी होती, म्हणून आप्पांच्या लेखी ती जगात अशीच होती. आणखी एक गोष्ट ते गावाकडून घेऊन आले होते. हत्तीनं किंवा वजिरानं केलेली मात ही त्यांच्या मते नुसती मात. प्याद्यानं केलेली मात मानाची.

आम्ही दोघं दुष्काळी मुलखातल्या वाशी गावात एका सहकारी संघात नोकरीला होतो. ते गोदामपाल, मी कारकून. मी नवा लागलो तेव्हाची गोष्ट. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला होता, आणि माझं आडनाव ऐकलं की हापिसातली माणसं बोलता बोलता पाण्याचा माठ जरा पलीकडं सरकवायची. कुणी वाईट बोलायचं नाही, फक्त माठ सरकायचा. दुपारी मी गोदामाकडं गेलो तर खताच्या पोत्यांच्या थप्पीआड एक उंच, वाळकं, कपाळाला विभूती लावलेलं माणूस एकटंच पट मांडून बसलेलं. त्यांनी नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. मी मनात म्हटलं, आता इथलाही माठ सरकणार. त्यांनी पट सरकवला. "काळं घेनार का पांढरं?" म्हणाले.

मी वयानं त्यांच्याहून कितीतरी लहान, तरी त्यांनी मला शेवटपर्यंत लक्षुमणराव म्हटलं आणि 'तुमी' म्हटलं. डावात मात्र दयामाया नव्हती. सोंगटीला बोट लागलं की ती हलवायलाच हवी. "हात लागला, खेळी झाली," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही दुकानात एखादी वस्तू नुसती उचलली तरी ती घ्यावीच लागणार असं मला वाटतं. एकदा आमचे चेअरमन मोठ्या हौसेनं त्यांच्याशी खेळायला बसले. चेअरमनसाहेबांना खेळी परत घ्यायची सवय होती आणि बाकीच्यांना ती परत देण्याची. त्यांनी उंट उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आप्पा म्हणाले, "हात लागला, खेळी झाली." साहेब हसले. आप्पा हसले नाहीत. साहेबांचा हात हवेत, आप्पांची नजर पटावर, आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभे. शेवटी साहेबांना काम आठवलं. पुढचं वर्षभर आप्पांना पावसाळ्यात गळणाऱ्या जुन्या गोदामात बसवलं. ते तिथं पट घेऊन बसले. गळती वाचवायला पट तेवढा इकडून तिकडं सरकवायचे. माणसानं इतकं ताठ असू नये असं माझं मत होतं, आणि अजूनही आहे.

रविवार मात्र त्यांचा सणाचा. दुपारच्या गाडीनं पुण्याचा पेपर यायचा. त्याच्या पुरवणीत एका कोपऱ्यात बुद्धिबळाचं कोडं असायचं. पांढऱ्यानं खेळून अमुक खेळ्यांत मात करा. उत्तर कार्डावर लिहून पाठवायचं, पंधरवड्यानं बरोबर उत्तरवाल्यांची नावं गावासकट छापून यायची. आप्पांचं नाव त्यात कधीच आलं नाही. बरीचशी कोडी एकाच वळणाची असत: आधी पांढऱ्यानं वजीर द्यायचा, तो मारायला राजा पुढं आला की मात. आप्पांना ते पेपर टेकवायच्या आत दिसायचं. पण त्यांच्या हिशेबी ती मात कच्ची असायची, कारण उडी शिल्लक असलेला राजा वजीर न मारता उडीच मारून निसटेल! मग ते अगोदर उडीची घरं रोखणारी आणखी एखादी सोंगटी बळी देऊन तिच्या शहानं उडी काढून घ्यायचे आणि मग मात करायचे. पेपरवाल्यानं दोन खेळ्या मागितल्या की यांचं उत्तर तीन खेळ्यांचं.

मी एकदा नीट समजावून सांगितलं. म्हटलं, आप्पा, पेपरातला डाव नव्या रीतीचा असतोय, त्यात उडी धरत न्हाईत.

"का धरत न्हाईत? ह्या चित्रात राजा बसलाय बगा घरात. त्याला शह बसून गेल्याचं कुठं लिवलंय?"

"तसं लिवलं न्हाय, पर..."

"मग? पेपरवाल्याला राजाच कळत न्हाय. लई घाई असती त्यास्नी."

पालथ्या घड्यावर पाणी. कार्ड मात्र दर आठवड्याला जायचं, कारण हा नाद त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांना एकच लेक, मन्मथ. तो चौथीत असल्यापासून बाप-लेक रविवारी पेपरावर डोकी टेकवून बसायचे. घरात मन्मथची आई असायची. तिला आम्ही सगळेच अव्वा म्हणायचो. आप्पा आणि ती आपसात कानडी बोलत. ती चुलीपाशी बसून काहीतरी म्हणायची, आप्पा काहीतरी म्हणायचे, आणि मन्मथ हसायचा. मला कानडीचं अक्षर येत नाही, पण त्या घरातलं हसू मला कळायचं.

मन्मथ सोलापूरला कॉलेजात गेला, तिथं वसतिगृहात नव्या रीतीचं बुद्धिबळ शिकला, आणि बहात्तरचा दुष्काळ आला तसा शिक्षण अर्धं टाकून परत आला. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी काही भर घालत नाही. आमच्या गोदामात मिलो यायचा, म्हणजे परदेशी जोंधळा, तांबडा, घशाला टोचणारा. खडी फोडायला गेलेल्या बायामाणसांची ओसरीवर रांग लागायची. विहिरीत खडक दिसत होता आणि झाडांना नुसत्या काड्या होत्या. आप्पांनी चेअरमनसमोर मान वाकवली. मोडेन पण वाकणार नाही अशा त्या माणसाला ते किती जड गेलं असेल हे मी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. मन्मथला संघात जागा मिळणार असं ठरलं. मन्मथला ती नको होती. त्याला पुण्याकडं कारखान्यात जायचं होतं.

घरात आठवडाभर धुसफूस चालली. शेवटी एका दुपारी गोदामाच्या ओसरीवरच आप्पांनी पट अंथरला. "बस," म्हणाले. "मात झाली तर जा. न्हाय झाली तर ऱ्हा."

माणूस लेकाच्या भवितव्याचा निकाल असा पटावर लावतो, हे ऐकणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल. मला तेव्हाही वाटलं. पण आप्पांना बोलून काही सांगता येत नसे. जे सांगायचं ते ते पटावरच सांगत.

मिलोच्या रांगेतली माणसं सरकत सरकत भोवती आली. मन्मथ चांगला खेळला, बापापेक्षा चांगला. त्याचा हत्ती सरळ शेवटच्या ओळीत उतरला आणि त्यानं डावातला पहिला शह दिला. राजाच्या पुढं त्याचीच प्यादी उभी. जायला घर नाही.

"मात," मन्मथ म्हणाला.

आप्पांनी राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडं ठेवला. "उडी ऱ्हायलीया."

"आप्पा, जगात कुठंबी असली उडी न्हाय. सोलापुरात न्हाय, पुण्यात न्हाय."

"हितं हाय."

"मात झाली तर जा म्हणलाव तुमी."

"मात झाली न्हाय."

"झालीया!"

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या की हो आप्पा लेकराला. हितं ऱ्हाऊन काय खडी खाईल का?" कुणी हसलं नाही. मन्मथ उठला, घराकडं गेला, अव्वाच्या पाया पडला आणि पिशवी घेऊन दुपारच्या गाडीनं निघून गेला. बापाच्या पाया पडला नाही. आप्पा पटासमोर तसेच बसलेले. समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाले, "चाल तुजी हाय."

तेव्हापासून मन्मथचं काय, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "चाल त्याची हाय." पत्र त्यानं पाठवलं नाही, आणि पत्ता यांनी काढला नाही. पिंपरीकडं कुणीतरी त्याला पाहिला होता म्हणे, एवढीच खबर. बाप तसा लेक, एकाच खाणीतले दगड. मधल्या मधे अव्वा खडीसारखी फुटत गेली. एस.टी.चा हॉर्न ऐकू आला की ती दारात येऊन आप्पांना विचारायची, "बंदानेनु?" म्हणजे 'आला का?' एवढं एक कानडी वाक्य मला तिच्यामुळं आलं. आप्पा उत्तर द्यायचे नाहीत. पण गोदामात बसले असले, डाव कितीही रंगात असला, तरी हॉर्न वाजला की त्यांची मान स्टँडकडं वळायची. मी मुद्दाम तेव्हाच खेळी करून बघितली आहे. त्यांना ती दिसायची नाही.

पेपरातल्या कोड्याला मात्र कार्ड जातच राहिलं, एक खेळी जास्त असलेलं. "जिथं असंल तिथं आईतवारी पेपर बगनारच त्यो," असं ते एकदाच म्हणाले. मला वाटलं, मग एकदा बरोबर उत्तर धाडा की. नाव छापून येईल, पोरगं बघेल, येईल. मी तसं म्हटलंसुद्धा. ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी त्यांना गळ्यातलं लिंग काढून ठेवायला सांगितलं होतं.

अशी वर्षं गेली. पावसानं पुन्हा दगा दिला त्या साली अव्वा तापानं अंथरुणाला खिळली. शेवटच्या दिवसांत तिला हॉर्न नसतानाही ऐकू यायचा. "बंदानेनु?" विचारायची. एकदा आप्पा तिला काहीतरी बोलले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "येतोय म्हणलं. वाटंत हाय म्हणलं." उभ्या आयुष्यात हा माणूस तेवढंच खोटं बोलला असावा. त्यांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून मातीत ठेवलं. मन्मथनं करायचं ते पुतण्यानं केलं. परतताना आप्पा मला म्हणाले, "त्याला कळवायचं कसं, लक्षुमणराव? त्याची आई गेली. त्याला ठावंच न्हाय."

पुढच्या रविवारी ते पेपर घेऊन बसले. मी शेजारी होतो. कोडं नेहमीच्याच वळणाचं: वजीर द्यायचा, राजानं तो मारला की हत्तीनं मात. आप्पांनी कार्ड लिहिलं आणि माझ्याकडं दिलं. माझ्या घराच्या वाटेवर पोस्ट होतं, म्हणून पेटीत टाकायचं काम माझं. उघडं कार्ड. मी वाचलं. पेपरानं मागितल्या होत्या तेवढ्याच खेळ्या.

"आप्पा, ह्यात उडी काढायचा शह न्हाय."

ते जानव्यासारखा खांद्यावर पडलेला पंचा सारखा करत होते. वर न बघता म्हणाले, "ह्या राजाला शह बसून गेलाय, लक्षुमणराव. आता कसली उडी."

मी कार्ड पेटीत टाकलं.

पंधरवड्यानं नाव छापून आलं. शिवलिंगप्पा बिराजदार, वाशी. पेपर घेऊन मी धावतच गेलो. इतक्या वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं होतं, आणि खरं सांगायचं तर आनंद वाटायला हवा होता. आप्पांनी नाव बघितलं, पेपराची घडी घातली आणि उशाखाली ठेवली. म्हणाले, "बगंल आता."

त्याच आठवड्यात, भर दुपारी, गोदामाच्या दारात एक माणूस उभा राहिला. डोळ्यांवर चष्मा, कानांवर पांढरे केस, पायात कारखान्याचे जाड बूट. मी ओळखलं नाही. आप्पांनी पोती मोजता मोजता मान वर केली.

"पेपरात नाव बघितलं," मन्मथ म्हणाला. "बरोबर उत्तरवाल्यात. तवाच काळजात धस्स झालं. उडी सोडून उत्तर धाडलं म्हंजी घरात कायतरी वंगाळ झालंय." मग त्यानं विचारलं, "अव्वा?"

आप्पांनी फक्त मान हलवली. मन्मथ दारातच, उंबऱ्यावर, लहान पोरासारखा खाली बसला. मी बाहेर गेलो आणि लिंबाच्या झाडाखाली उगीच विडी ओढत उभा राहिलो. त्या नामांकित पेपरात कोड्यांना उत्तरं पाठवणारी शेकडो माणसं असतील. पण बरोबर उत्तर वाचून कुणाला आईच्या मरणाची खबर कळली असेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावणं आलं. ओट्यावर पट मांडलेला होता.

"चाल तुजी हाय," आप्पा लेकाला म्हणाले.

"त्यो डाव ऱ्हाऊ द्या आप्पा. नवा मांडू."

आप्पांनी सोंगट्या पुन्हा लावल्या. लावता लावता विचारलं, "कवा जायाचं?"

"उद्या. सुट्टी न्हाय. बायकापोरं तिकडं हाईत." मन्मथ खाली बघून म्हणाला, "तुमीबी चला. खोली ल्हान हाय, पर चला."

आप्पा प्यादी लावत राहिले. सगळी प्यादी ओळीत लावून झाल्यावर म्हणाले, "मात झाली तर जा."

तेच वाक्य. चाळिशीकडं झुकलेला, बायकापोरांचा धनी माणूस, तो काय आता परवानगी मागणार होता? पण मन्मथनं मान डोलावली, एखादी सरकारी अट मान्य करावी तशी. मी मनात म्हणत होतो, हर लेका. एकदा बापासाठी हर, आणि चार दिवस राहा.

दुपार कलेपर्यंत डाव चालला. आप्पांचा खेळ अजूनही ताठच होता. मग माझ्या ध्यानात आलं की आप्पांच्या राजाला अजून एकही शह बसलेला नाही, आणि मन्मथचा हत्ती पुन्हा त्याच शेवटच्या ओळीत उतरायला मोकळा आहे. नव्या रीतीनं ती सरळ मात होती. जुन्या रीतीनं तोच जुना तंटा. मन्मथचे डोळे हत्तीवर गेले. बराच वेळ तिथंच राहिले. मग त्यानं वजीर उचलला आणि थेट आप्पांच्या राजाला चिकटून ठेवला.

"शह."

वजिराला पाठीमागून कुणाचाही आधार नव्हता. फुकटचा बळी. पण उडीच्या एका घरात आप्पांचंच प्यादं होतं आणि बाकीच्या घरांवर त्या वजिराचीच नजर. वजीर मारण्यावाचून राजाला गत्यंतर नव्हतं, आणि मारला की उडी गेली. हातातली मात टाकून, सगळ्यात मोठी सोंगटी घालवून, तो फक्त बापाच्या राजाची उडी काढून घेत होता. जी उडी जगात कुठंच नाही असं म्हणून तो घर सोडून गेला होता, तिच्यासाठी.

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि मग त्या माणसानं, ज्यानं चेअरमनला उंट परत घेऊ दिला नव्हता, खालच्या आवाजात म्हटलं, "वजीर जातोय तुजा. परत घे."

"हात लागला, आप्पा," मन्मथ म्हणाला. "खेळी झाली."

आप्पांनी राजानं वजीर मारला. राजा पुढच्या ओळीत आला आणि हत्तीची ती मात गेली. मन्मथचं बळ आता कमी पडलं होतं आणि आप्पांनी मुद्दाम एकही खेळी सोडली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पुष्कळ वेळ ओढाताण झाली. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. अखेर एक साधं प्यादं घर घर चढत पुढं आलं, आणि आप्पांचा राजा त्याच्यासमोर अडकला.

आप्पांनी पट नीट निरखला. प्रत्येक घरावर बोट ठेवून बघितलं. मग राजा आडवा केला.

"आता झाली मात," ते म्हणाले. "प्याद्यानं केलीस. जा आता तू."

पुढं काही महिन्यांनी माझी बदली भूमला झाली. आप्पा गेल्याचं मला तिथं कळलं. गाडी मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळं मला अजूनही दिसतात ते मन्मथ परत गेला त्या सकाळचे आप्पा. स्टँडवर मन्मथ त्यांच्या पाया पडला. गाडी धूळ उडवत निघून गेली. त्या साली धुळीला काही तोटा नव्हता. आम्ही गोदामाकडं परत निघालो. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, ऱ्हा म्हणायचं हुतं की त्याला. अजून दोन दिस ऱ्हायला असता."

"मात झाल्यावर काय म्हणायचं?"

एवढं बोलून ते पुढं चालायला लागले. काखेत पटाची गुंडाळी, कमरेला गोदामाच्या किल्ल्या. मागं स्टँडवर दुसऱ्या गाडीचा हॉर्न वाजला, लांबलचक. मी सवयीनं त्यांच्या मानेकडं बघितलं. ती वळली नाही.